भाऊजींची बारी

आपलं वाक्य आपणच पुरं करायचं, एवढ्या एका हट्टावर सारं आयुष्य काढणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे लोक घर बांधायचा हट्ट धरतात, पोराला डॉक्टर करायचा धरतात, नगरपालिकेला उभं राहायचा धरतात. आमच्या भाऊजींचं मागणं अगदी व्याकरणाच्या पुस्तकातलं: एक कर्ता, एक कर्म, एक क्रियापद, आणि ही तिन्ही त्यांच्याच तोंडून निघायला हवीत. भाऊजी लहानपणापासून बोलताना अडखळतात. दुसऱ्या एखाद्या गावात अशा माणसाला लोक हसले असते. आमचं बालाघाट त्या बाबतीत फार सज्जन आहे. इथं हसत नाहीत, मदत करतात. भाऊजींनी ‘मले’ म्हणायचा अवकाश, की समोरचा पुढचं वाक्य आपल्या पदरचं घालून पुरं करतो, तेही हिंदीत. ‘मले’ म्हटलं की ‘हाँ हाँ, पानी चाहिए’ म्हणून गिलास पुढे येतो. भाऊजींना खरं तर पत्ता विचारायचा असतो. पण गिलास आलाच आहे तर पिऊन टाकतात, कारण नको म्हणायला आणखी वेळ लागतो. त्यांची निम्मी वाक्यं अशी मराठीत जन्मतात आणि हिंदीत मरतात.

त्यांचं अडखळणं मी इथं अक्षरं फोडफोडून लिहून दाखवणार नाही. ते दिसायला बरं दिसत नाही आणि त्यात गंमतही नाही. ते जे बोलले ते सरळ लिहीन; वाचणाऱ्यानं मनातल्या मनात जरा थांबत थांबत वाचावं. घाई असेल त्यानं पेपर वाचावा.

या मदतीनं भाऊजींवर जे जे प्रसंग आणले त्यांतला दिवाळसणाचा प्रसंग आमच्या घराण्यात अमर आहे. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई यायचे म्हणून आमच्याकडे तळण चाललेलं. येण्याआधी भाऊजी न्हाव्याकडे गेले आणि म्हणाले, ‘बारीक नको.’ म्हणजे म्हणायला गेले. ‘बारीक’ हा शब्द त्या दिवशी कसा कोण जाणे सुरळीत निघाला आणि ‘नको’ अडला. न्हाव्यानं ‘हौ’ म्हणून मशीन चालवली. ‘नको’ बाहेर पडलं तेव्हा केस फरशीवर होते. जावई चकचकीत डोकं घेऊन दारात उभे राहिलेले पाहून आईच्या हातातला झारा गळून पडला. ऐन दिवाळीत डोकं भादरलेला माणूस दारात उभा राहिला तर कुणाच्याही मनात जे येईल तेच तिच्या मनात आलं. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “कोन गेलं, जवाई?” भाऊजी ‘कोनी नाही’ म्हणायला गेले आणि ‘को’ वर थांबले. “कोंडूकाका?” आई किंचाळली, “अगं बाई, कोंडूकाका गेले!” तळण उतरलं, कढई झाकली गेली, शेजारच्या बायका येऊन बसल्या. भाऊजी हातवारे करत राहिले, आई त्यांना म्हणाली, “रडा, मोकळं रडा.” कोंडूकाका म्हणजे भाऊजींचे सख्खे काका; ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि भाऊजींना रस्त्यात भेटले की आधी त्यांच्या डोक्याकडे पाहत.

भाऊजींचं हनुमान चौकाजवळ चष्म्याचं दुकान आहे. हा धंदा त्यांनी फार विचार करून निवडला असला पाहिजे, कारण यात गिऱ्हाईकाला खुर्चीवर बसवून ‘वाचा’ एवढं म्हटलं की पुढचं सगळं गिऱ्हाईकच बोलतं. गिऱ्हाईक एखाद्या अक्षरापाशी अडलं तर भाऊजी कधीही सुचवत नाहीत. एकदा एक म्हातारी खालच्या ओळीपाशी इतका वेळ थांबली की मागे बसलेले दोघं कंटाळून उठून गेले. मी तिथंच होते. पेशानं मी शिक्षिका, ते अक्षर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उड्या मारत होतं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं रस्त्यावरचे ऑटो बघू लागले. म्हातारीनं शेवटी अक्षर सांगितलं, भाऊजींनी समाधानानं मान हलवली आणि दुसरी काच चढवली.

पण हट्टाचं मूळ आहे त्यांच्या लग्नात, आणि त्या मुळाशी दुर्दैवानं मी आहे. माझं नाव कविता आणि ताईचं कल्पना. आमच्या मोठ्या मामांना या दोन नावांतला फरक आमच्या बारशांपासून कधी कळला नाही. मामांचा आवाज असा, की त्यांनी वारासिवनीच्या बाजारात वांग्याचा भाव विचारला तर कटंगीच्या गाडीत बसलेल्या माणसानं उत्तर द्यावं. तर लग्नाची पंगत बसली होती. नवरदेवानं नवरीला जिलेबीचा घास द्यायचा आणि नाव घ्यायचं. अडखळणाऱ्या माणसाला सगळ्यांत जड जातं ते नावच, कारण नावाला दुसरा शब्द नसतो. पाणी अडलं तर जल म्हणता येतं, भात अडला तर पोळी मागता येते. कल्पनाला दुसरं काय म्हणणार? भाऊजी ‘क’ वर थांबले. जिलेबीचा पाक मनगटावरून कोपराकडे निघाला. कपाळावर घाम आला. मामांना ते बघवेना. ते पाटावरून उठले आणि गरजले, “कविता! अरे, कविता म्हनाले लाजता काहून, जवाई?” सारी पंगत हसली. भाऊजी जोरजोरानं मान हलवायला लागले, तर लोकांना वाटलं अजून लाजून राहिलेत. मी बुंदी वाढत होते. माझ्या हातातली परात तिथंच राहिली. कुणीतरी भाऊजींचा हात धरून जिलेबी ताईच्या तोंडात घातली, टाळ्या पडल्या आणि विधी माझ्या नावावर उरकला.

ताईच्या सासरी पुढे कितीतरी वर्षं बायका त्यांना ‘कविताचा नवरा’ म्हणून चिडवत. ताई हसण्यावारी न्यायची. भाऊजींनी नेलं नाही. त्यानंतर घरात वास्तू झाली, सत्यनारायण झाले, हळदीकुंकवाला बायकांनी धरून बसवलं, पण भाऊजींनी कधी नाव घेतलं नाही. माझ्या भाचीच्या बारशाला पुन्हा ‘नाव घ्या, नाव घ्या’ सुरू झालं तेव्हा ते पाळण्याची दोरी सोडून माझ्यापाशी आले. मला ते ‘मॅडम’ म्हणतात; माझंही नाव ‘क’ वरूनच पडतं ना. म्हणाले, “मॅडम, हिच्या लग्नात घेईन. पुरं घेईन. आन् मीच घेईन.” पोर तेव्हा बारा दिवसांची होती. इतक्या लांबची मुदत मागणारा माणूस मी कोर्टातही पाहिला नाही.

यावर उपाय सांगणारे थोडे नव्हते. लहानपणी त्यांच्या आईनं वेखंड मधात उगाळून इतकं चाटवलं होतं की अजून त्याचा वास आला तरी भाऊजी ओठ घट्ट मिटून घेतात. कुणी म्हणालं गाण्यात म्हणा, गाताना अडत नाही. भाऊजी गाऊ शकतात, पण नुसतं मीठ मागायला गाणं म्हणणारा माणूस कुठल्या पंगतीत बसवायचा? आणि मग त्यांच्या आयुष्यात राक्षस आले.

झालं असं, की भाची पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवाळीला तिनं बापासाठी हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, पप्पा बसल्या बसल्या कंटाळतात, एवढाच तिचा हेतू. आधी तिनं धावायचे, गोळ्या झाडायचे खेळ लावून दिले. भाऊजींनी दोन दिवसांत ते यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, “हे सारे आपल्या मामासारखे आहेत. मी बटन पाहून राह्यलो, तोवर मारून मोकळे.” मग तिनं जपानी लोकांनी काढलेला जुन्या वळणाचा एक खेळ लावून दिला. तिच्या बरोबरीच्या पोरांना म्हणे तो फार संथ वाटतो. त्यात चार जणांची टोळी गावोगाव हिंडते. वाटेत जनावरं, राक्षस भेटतात आणि लढाई लागते. पण लढाई कशी? पडद्यावर चौकट उघडते आणि तुम्हाला विचारलं जातं, हल्ला करता, जादू करता, औषध घेता, नुसतं अंग राखून उभं राहता, की पळता? तुम्ही ठरवेपर्यंत समोरचा राक्षस जागच्या जागी डुलत उभा राहतो. तुमचं झालं की मग त्याचं. त्याचं झालं की पुन्हा तुमचं.

भाऊजींचा यावर विश्वास बसला नाही. उभ्या जन्मात समोरचा थांबलेला त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. एक भलाथोरला, तीन शिंगांचा राक्षस समोर आलेला असताना यंत्र तसंच चार्जिंगला लावून टेबलावर ठेवलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि घरी जेवायला गेले. जेवले, वामकुक्षी केली, ताईनं गिरणीतून दळण आणायला सांगितलं होतं तेही आणलं आणि परत येऊन पाहिलं, तर राक्षस आपला डुलतोय. त्या संध्याकाळी भाऊजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा देवदर्शन करून आलेल्या माणसासारखा होता. “मॅडम, तो उभाच होता,” ते म्हणाले. “तीन शिंगं आहेत, तोंडातून आग निघते, पन मधात बोलला नाही. याले म्हनते संस्कार.” मी म्हटलं, “भाऊजी, ते मशीन हाये. त्याले काय समजते?” ते म्हणाले, “नसन समजत. थांबते तं.”

मला तो खेळ कधी पटला नाही, हे मी इथं स्पष्ट सांगते. मी जन्माची घाईची बाई. मी एकदा दुकानात त्यांच्याशेजारी बसून पाहिलं आणि तिसऱ्या लढाईला माझा जीव कासावीस झाला. “भांडनात कोनी असं लाइन लावून उभं राह्यते का?” मी विचारलं. “एक मारते, दुसरा पाह्यते, मग दुसरा मारते, पहिला पाह्यते. हे भांडन हाये का पंगत?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे लाइन लावत नाही, म्हनून तं भांडनं निपटत नाही. इथं बघा, कोनाचीच बारी जात नाही. लहानाची नाही, मरतुकड्याचीबी नाही.” बारी म्हणजे आपला नंबर, आपली वेळ. पुण्याकडे त्याला पाळी म्हणतात, पण आमच्याकडे तो शब्द बायकांपुरता राखून ठेवलेला आहे. बारी हा शब्द भाऊजींच्या तोंडी त्या खेळानंतर आला आणि मग तो हटला नाही.

खेळाच्या सुरुवातीला त्या चौघांची नावं ठेवावी लागतात; पहिल्यांदा भाचीनं ती भलतीच टाकली होती, म्हणून भाऊजींनी खेळ नव्यानं सुरू केला. एकेक अक्षर निवडायचं, आणि चौकट वाट पाहत राहते. ज्या माणसाला नाव हीच आयुष्यभराची शिक्षा, त्याला हा केवढा सन्मान. भाऊजींनी पहिल्या नायकाला ताईचं नाव द्यायला घेतलं आणि तिथंही घात झाला. चौकटीत इंग्रजीतली सहाच अक्षरं बसत होती, शेवटचं बाहेर राहिलं आणि ताईची ‘कल्पन’ झाली. भाऊजींनी तो खेळ त्याच क्षणी बंद केला. भाचीनं परोपरीनं सांगितलं की पप्पा, लोक टोपणनाव ठेवतात, चालतं. भाऊजी म्हणाले, “अर्धं नाव नाही पाह्यजे.” ताईचं नाव पुरं मावेल असा खेळ सापडेपर्यंत त्यांनी भाचीला त्या यंत्रावरची सगळी जपानी राज्यं धुंडाळायला लावली. शेवटी एक सापडला. त्यात ताई तलवारबाज आहे, भाची वैद्य आहे, कोंडूकाका गदा घेऊन पुढे उभे आहेत आणि मी जादूगारीण आहे. माझ्या तोंडून आग निघते आणि पहिल्या फटक्यात मी मरते. “तब्येत नाजूक आहे मॅडमची, पन बोलते तिखट,” असं त्यांनी मला समजावलं. तुम्ही स्वतः कुठे आहात म्हणून विचारलं तर म्हणाले, “मी सगळ्याईले बारी देऊन राह्यलो ना.”

त्या खेळात भाऊजींच्या ज्या सवयी आहेत, त्या पाहून त्यांचं सगळं आयुष्य मला नव्यानं समजलं. रामबाण औषधाच्या बाटल्या ते जमवत जातात, पण वापरत एकही नाहीत. मी जमिनीवर मरून पडलेली असते आणि यांच्या पिशवीत संजीवनीचा साठा. का, तर पुढे मोठा राक्षस येईल तेव्हा लागेल. घरी कपाटात नवे शर्ट घडी न मोडता याच हिशेबानं पडलेले आहेत. नवं गाव लागलं की ते त्या गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलतात, प्रत्येक कोंबडीपाशी जाऊन उभे राहतात. गावकरी बोलला की त्याचं बोलणं खाली चौकटीत उमटतं आणि आपण बटण दाबेपर्यंत तिथंच राहतं. भाऊजी ते सगळं मोठ्यानं वाचतात. राजाचं भाषण, म्हाताऱ्याचा सल्ला, दुकानदाराचं ‘पुन्हा या’ सुद्धा. अडतात, थांबतात, पुन्हा धरतात. राजा दरबार भरवून थांबलेला असतो. रिकाम्या दुकानात दुपारी इंग्रजीत कुणीतरी राज्य वाचवायची शपथ घेतंय, हे शेजारच्या कापडवाल्यानं ताईला येऊन काळजीनं सांगितलं होतं.

सगळ्यांत जास्त चीड मला यायची ती बेडकांची. पहिल्या गावाच्या वेशीबाहेर फुगलेले बेडूक भेटतात, अगदीच किरकोळ शत्रू. त्यांना मारलं की टोळीची ताकद तिळातिळानं वाढते. भाची म्हणायची, पप्पा, आता किल्ल्यात चला. भाऊजी म्हणायचे, आधी बेडूक. ते त्या एका वेशीभोवती इतके फिरले की खरोखरचे असते तर त्या मुलखातला बेडकांचा वंश बुडाला असता. पण जेव्हा ते किल्ल्यात गेले तेव्हा किल्ला एका दमात पडला. यावरून भाऊजींनी एक सिद्धांत काढला आणि एका सकाळी तो बालाघाटच्या रस्त्यावर आणला. भाचीचं लग्न गोंदियाकडच्या मुलाशी ठरलं होतं. बारशाला मागितलेली मुदत संपत आली होती. “मोठ्या राक्षसाले एकदम भिडू नये,” ते मला म्हणाले. “आधी गावाबाहेरचे बेडूक मारावे.”

पहिला बेडूक म्हणजे दुकानासमोरचा चहावाला. इतकी वर्षं भाऊजींनी नुसतं बोट दाखवलं की तो चहा द्यायचा, भरपूर साखरेचा. भाऊजी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यानं कप भरायला घेतला. भाऊजींनी तळहात उंच केला आणि म्हणाले, “थांब. माही बारी आहे.” मग ‘कमी साखरेचा’ हे दोन शब्द पुरते बाहेर येईपर्यंत चहावाला किटली हातात धरून उभा राहिला. मागच्या गिऱ्हाईकांनी मदत करायचा प्रयत्न केला, त्यांनाही तळहात. आठवडाभरात तिथं असा दरारा बसला की भाऊजी दिसले की चहावालाच इतरांना दटावायचा, “रुको भई, भाईसाहब की बारी है.” त्यानंतर भाजीवाली झाली, ऑटोवाले झाले, आणि मग फोन, जो भाऊजींच्या मते किल्ल्यात मोडतो. जबलपूरच्या फ्रेमवाल्याला फोन केला की हे थांबतात आणि तो ‘हैलो, हैलो, आवाज नहीं आ रही’ म्हणून ठेवून देतो. भाऊजी पुन्हा लावायचे. वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे. शेवटी त्या बिचाऱ्यालाच रडू यायला लागलं आणि तो ‘बोलिए साहब, मैं बैठा हूँ’ म्हणायला शिकला.

बसचं तिकीट मात्र जड गेलं. बिरसाला त्यांचं चष्म्याचं शिबिर असतं. ‘बि’ म्हटलं की कंडक्टर ‘बैहर!’ म्हणून तिकीट फाडणार, कारण गाडीतले निम्मे लोक बैहरलाच उतरतात. भाऊजी वर्षानुवर्षं बैहरला उतरून तिथून दुसरी गाडी धरत आले होते. या खेपेला त्यांनी तळहात उंच केला, कंडक्टर थांबला, आणि गाडी हलली, गावाबाहेर पडली तरी थांबला. पुढे घाट लागला तेव्हा बिरसा बाहेर आलं. सगळ्या गाडीनं सुटकेचा श्वास टाकला आणि एका बाईनं भाऊजींना पेरू दिला.

उखाणा त्यांनी स्वतः रचला, माझी मदत घेतली नाही. मी सुचवलं होतं की नाव ‘क’ वर अडतंच तर ‘आमच्या सौभाग्यवतीचं’ म्हणा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. भाऊजींनी मान हलवली. “ते पळून जानं झालं,” म्हणाले. ताईला मामांचीच धास्ती. मामा आता थकले होते, ऐकू कमी यायचं, पण आवाज होता तसाच. ती म्हणाली, त्यांना लांब कोपऱ्यात बसवू या. भाऊजी नाही म्हणाले. मामा समोरच बसले पाहिजेत, अगदी समोरच्या पाटावर.

व्याहीभोजनाची पंगत बसली. भाचीच्या नवऱ्यानं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत नाव घेतलं, हशा पिकला, आणि मग विहीणबाई म्हणाल्या, आता व्याह्यांनी घ्यावं. मी वाढत होते. ताईनं पानाकडे मान घातली. भाऊजी पाटावरून उठून उभे राहिले, धोतर सावरलं आणि म्हणाले, “वैनगंगेच्या पुलावून गाडी चालली धीमी.” ही ओळ मधे दोनदा थांबून का होईना, नीट आली. आणि मग ‘क’ आला, आणि तिथंच राहिला.

नव्या विहीणबाईंना काही ठाऊक नव्हतं, त्या चटकन काहीतरी सुचवायला निघाल्या. भाचीनं हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. भाऊजींच्या मानेची शीर ताठली. कपाळावर तोच घाम आला. आणि समोरच्या पाटावर मामा हलले. त्यांनी हात जमिनीला टेकला, पुढे वाकले, तोंड उघडलं. मी परात टाकून त्यांच्याकडे धावणार होते.

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहून तळहात उंच केला. “मामा, थांबा,” ते म्हणाले. “माही बारी आहे.” हे इतकं सरळ, इतकं सलग आलं की ताईनं मान वर केली. मामांचं तोंड उघडंच राहिलं. मग भाऊजी पुन्हा ‘क’ पाशी गेले. किती वेळ गेला मला माहीत नाही. आचारी झारा हातात धरून दारात येऊन उभा राहिला होता. पाण्याचा जग घेतलेला माणूस वाकलेला तसाच राहिला. कुणी हसलं नाही आणि, देवाची शपथ, कुणी मदतही केली नाही. “कल्पनाचं,” भाऊजी म्हणाले. अख्खं. मग दम घेतला. “नाव घेतो, पुरं म्हनीन मी.” आणि खाली बसून त्यांनी भातात वरण कालवलं, जणू काही झालंच नाही.

टाळ्या पडल्या, गलका झाला. मी मामांना वाढायला गेले तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. मग म्हणाले, “कल्पना का? मी तं इतके वर्ष कविताच समजून राह्यलो होतो.” आणि थोड्या वेळानं, त्यांच्या मानानं अगदी हळू, “त्या दिवशी पोरगा घामानं भिजला होता वं. मले पाहवलं नाही.” मी त्यांना भात जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. भाची गेली होती, पाहुणे गेले होते, अंगणात मांडववाले बांबू सोडत होते. ताई आणि मी खाली बसून आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. आतल्या खोलीतून भाऊजींचा आवाज आला. “क,” एवढाच.

या घरात ‘क’ आला की ताई उठलेली असते. आजवर प्रत्येक वेळी, पहिल्या अक्षराला ‘आली, आली’ म्हणत ती पाण्याचा तांब्या नाहीतर चष्मा नाहीतर टॉवेल घेऊन दारात उभी राहिलेली मी पाहिली आहे. नाव कधी पुरं व्हायची वेळच यायची नाही. सवयीनं मीच उठायला लागले. ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

“बस,” ती म्हणाली. “येऊ दे.”

आत आवाज अडला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ताईनं मांडीवरची साडी बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि दाराकडे पाहत बसली. बाहेर कुणीतरी बांबू टाकला तेव्हा तिनं रागानं तिकडे पाहिलं. मग आतून पुरं नाव आलं. कल्पना. शेवटच्या अक्षरापर्यंत.

ताई तरी उठली नाही. पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, “अजून एकदा घेते का, पाहू.”